माळ्यावरची बाटली

(वाचकांच्या रसायनांविषयीच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात सांगलीच्या एका महाविद्यालयात चौतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करून निवृत्त झालेल्या ताई. या वेळी टपालात ईथरच ईथर होतं; ईथर म्हणजे प्रयोगशाळेत वापरला जाणारा, चटकन उडून जाणारा आणि झटकन पेटणारा द्रव. — संपादक)

प्रश्न : ताई, मी सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. पुढच्या महिन्यात तपासणी आहे म्हणून स्टोअर आवरायला काढलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरच्या बाटल्या घाईघाईनं पत्र्याच्या ट्रंकेत भरून माळ्यावर टाकल्या होत्या, त्या आजपर्यंत तिथंच. त्यात अर्ध्या लिटरची एक तपकिरी बाटली निघाली. लेबल पाण्यानं गेलंय, झाकणावर रंगानं 'ईथर' लिहिलंय. आत जेमतेम तिसरा हिस्सा उरलाय आणि झाकणाच्या कडेला पांढरट, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं काहीतरी जमलंय. आमचे शिपाईमामा म्हणतात, "परसात ओतून टाकू की, काय हुतंय त्याला?" विभागप्रमुख म्हणतात, आधी उघडून वास घ्या, ईथरच आहे का खात्री करा. डेड स्टॉकला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, नोंद सापडत नाही, त्यामुळं निर्लेखनाचाही (नोंदीतून कमी करण्याचाही) घोळ आहे. काय करू?

उत्तर : सर, तुमचं पत्र संपादकांनी मला फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, छापायचं नंतर बघू, आधी सरांचा नंबर द्या. आपलं बोलणं त्याच संध्याकाळी झालं. तेच इथे पुन्हा लिहितेय, कारण अशी ट्रंक एकट्या तुमच्याच माळ्यावर असेल असं मला वाटत नाही. त्या पुरात कृष्णेवरच्या इर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोक्याची खूण केव्हाच मागे टाकून गेलं होतं. गावात ज्याला जे उचलता आलं ते त्यानं वर टाकलं. घरात गाद्या टाकल्या, दुकानात हळदीची पोती टाकली, कॉलेजात बाटल्या टाकल्या. गाद्या लोकांनी महिन्याभरात खाली काढल्या. बाटल्या कोण काढतंय!

तर पहिलं उत्तर हे, की बाटलीला हात लावू नका. उघडू नका, हलवू नका, पुसू नका, झाकण घट्ट आहे का तेही बघू नका. ट्रंकेत आहे तिथंच राहू द्या, खोलीला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. वास घेऊन खात्री करा म्हणणाऱ्या प्रमुखांना माझा नमस्कार सांगा. ईथरचा वास गोडसर असतो, एकदा घेतला की विसरत नाही. पण तो घ्यायला झाकण फिरवावं लागतं, आणि तुमच्या बाटलीत सगळा धोका झाकणाच्या आट्यांतच बसलाय.

ते पांढरं काय आहे, हे समजून घ्यायला स्वयंपाकघरात या. शेंगदाण्याचं तेल उघड्या भांड्यात उजेडात महिनाभर ठेवलं तर खवट होतं. खोबरं खवट होतं. म्हणजे हवेतला ऑक्सिजन हळूहळू त्या तेलाला चिकटत जातो आणि आधी पेरॉक्साइड तयार होतात. तेल तपासणाऱ्या लॅबमध्ये 'पेरॉक्साइड व्हॅल्यू' काढतात ती याचीच. ईथरचंही अगदी तसंच होतं. त्याच्या रेणूत मध्ये ऑक्सिजन आणि दोन बाजूंना दोन-दोन कार्बन. ऑक्सिजनला लागून जो कार्बन असतो त्याच्यावरचा हायड्रोजन ढिला, हवेतला ऑक्सिजन तिथंच घुसतो. उजेड मिळाला की काम आणखी लवकर होतं, म्हणून तर बाटली तपकिरी काचेची. फरक एवढाच, की खवट तेलाची भजी खाल्ली तर घसा धरतो आणि ईथरातलं पेरॉक्साइड धक्क्यानं, घासण्यानं किंवा तापण्यानं फुटतं. फुटतं म्हणजे बाटली तडकते असं नव्हे. स्फोट होतो.

आता गुऱ्हाळ आठवा. उसाचा रस आटवला की पाणी उडून जातं आणि मागे गूळ राहतो. ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं, पेरॉक्साइड इतक्या लवकर उडत नाही. तुमची बाटली इतकी वर्षं माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत. मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे दर उन्हाळ्यात तुमच्या डोक्यावर ते ईथर अक्षरशः उकळायच्या बेतात येत होतं, झाकणातून थोडं थोडं निसटत होतं, आणि जाताना आपला गूळ आट्यांत ठेवून जात होतं. दोन तृतीयांश ईथर गेलं कुठं, याचं उत्तर हेच. जे उरलंय ते आटलेलं आहे. अर्धी भरलेली बाटली पूर्ण भरलेल्या बाटलीपेक्षा वाईट, कारण तिच्यात वर हवेला जागा असते. तुमची तर त्याहून रिकामी.

मग बोलवायचं कोणाला? झाकणाशी खडे दिसत असले तर हे काम तुमचं नाही, माझंही नाही, रसायन विकणाऱ्याचंही नाही. प्राचार्यांमार्फत पोलिसांना कळवायचं, जिल्ह्याचं बॉम्बशोधक व नाशक पथक असतं ते बघतं. ११२ ला फोन लावला तरी चालतो, फक्त 'जुनं ईथर आहे, पेरॉक्साइडचे खडे धरलेत' हे स्पष्ट सांगायचं, नाहीतर 'केमिकलची बाटली सापडली' एवढ्यावर कोणी घाईनं येत नाही. ट्रंकेतल्या बाकीच्या बाटल्यांचं वेगळं. त्या घातक कचरा म्हणून द्यायच्या. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सांगलीत उपप्रादेशिक कार्यालय आहे. अधिकृतपणे असा कचरा कोण उचलतं ते तिथं विचारायचं. आणि हो, रसायनं डेड स्टॉकला नसतातच सर, ती कन्झ्युमेबल, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंच्या, रजिस्टरला असतात. तिथं शोधा. तपासणीवाले बाटलीपेक्षा रजिस्टर जास्त बारकाईनं बघतात हे मला चांगलं ठाऊक आहे, तरी नोंद सापडेपर्यंत बाटली ठेवून घेऊ नका.

(हे छापायला जाताना सरांचा फोन आला. पथक येऊन गेलं. त्यांच्यातल्या एकानं लांबूनच टॉर्च मारून बघितलं आणि विचारलं, "ह्याला आत्तापर्यंत कुणी कुणी हात लावलाय?" शिपाईमामांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला म्हणे.)

आता परसात ओतण्याबद्दल, कारण मामांचा सल्ला मी चौतीस वर्षांत निदान वीस जणांच्या तोंडून ऐकलाय. ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी उतार शोधत जमिनीवरून, टेबलावरून, गटारातून वाहत जाते. दिसत नाही. आणि जिथं विस्तव भेटेल तिथं पेटून उलटी मागे येते. हे पुस्तकात मीही वाचलं होतं, पण मला पटलं ते १९९१ साली.

बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल चालू होतं, दोन पदार्थांचं मिश्रण वेगळं करायचं. तेव्हा बायनरी मिक्श्चर म्हटलं की ईथर आलंच. प्रयोगशाळेत पंखे बंद, कारण पंखा लावला की बर्नरची ज्योत नाचते आणि मुलं कुरकुरतात. सिंकजवळ एक मुलगी सेपरेटिंग फनेलमधून, म्हणजे न मिसळणारे थर वेगळे करायच्या तोटीच्या काचपात्रातून, ईथरचा थर बीकरमध्ये घेत होती. बर्नर त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता, मध्ये आठ-दहा फूट अंतर. तिला सांगितलं होतं, बर्नरपासून लांब बस. ती लांबच बसली होती. मी कपाटातून कॅल्शियम क्लोराइड काढत होते. 'फुस्स' असा आवाज झाला, कुकरची शिट्टी काढल्यावर होतो तसा, आणि मी वळून बघते तर टेबलाच्या पृष्ठभागाला चिकटून एक निळी पट्टी बर्नरकडून तिच्याकडे धावत आली. डोळ्याचं पातं लवायच्या आत. बीकर पेटला. मुलगी मागे सरकली म्हणून वाचली, ओढणीचं टोक जळालं. एका मुलानं पाण्याचा मग उचलला, मी त्याच्या हातावर फटका मारला. ईथर पाण्यापेक्षा हलकं, पाणी ओतलं की तरंगत पेटतं आणि टेबलभर पसरतं. समोर टायट्रेशनची पांढरी टाइल पडली होती, ती उचलून बीकरच्या तोंडावर ठेवली. विझलं. एवढीशी टाइल! त्या दिवसानंतर मी आमच्या विभागातल्या सरांना न विचारता नियम केला, की ईथरच्या दिवशी प्रयोगशाळेत एकही बर्नर पेटणार नाही. गरम पाणी शेजारच्या खोलीतून घमेल्यात आणायचं आणि ईथर त्यावर उडवायचं, पंखा आणि खिडक्या चालू-उघड्या. कोरडी वाळूची बादली आणि पावडरचं अग्निशामक दाराशी.

विस्तव नाही म्हणजे निर्धास्त असंही नाही. ईथर साधारण १६० ते १८० अंशाला ज्योतीशिवाय आपोआप पेटतं, म्हणजे तापलेली हॉटप्लेट पुरते. फ्लॅशपॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते ते, उणे ४५ अंश. बर्फाच्या खोलीतसुद्धा त्याची वाफ पेट घेईल. आणि कपड्यांचं विसरू नका. नायलॉनची साडी नेसून हिवाळ्यात खुर्चीवरून उठलं की चटचट होतं, अंधारात ठिणगी दिसते. तेवढी ठिणगी ईथरला भरपूर झाली. मी नोकरीभर प्रॅक्टिकलला सुती साडीच नेसले. लोकांना वाटायचं बाईंना खादीची आवड आहे.

प्रश्न : आमच्याकडं ईथर या वर्षीच आलंय. त्यात पेरॉक्साइड आहे का हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासता येतं का? किती दिवस ठेवावं? — प्रयोगशाळा सहायक, विटा

उत्तर : येतं, आणि माझ्या खुर्चीवरच्या माणसानं हा प्रश्न विचारला याचा आनंद झाला. ही चाचणी फक्त अशा बाटलीसाठी जिचं वय माहीत आहे, जी अलीकडची आहे आणि जिच्यात खडे, धागे, तळाशी तेलकट थर असं काही दिसत नाही. परीक्षानळीत एक मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घ्या, त्यात चिमूटभर, म्हणजे शंभर मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड टाका, वर एक मिली ईथर घाला, हलकेच ढवळा. शेजारी ईथर न घालता दुसरी नळी ठेवा, कारण जुनं आयोडाइड स्वतःच पिवळं पडतं आणि उगाच घाबरवतं. फिकट पिवळा रंग म्हणजे पेरॉक्साइड धरायला लागलंय. गडद पिवळा किंवा तपकिरी आला तर त्या ईथरचं काम संपलं, कचऱ्यात द्यायचं.

फिकट पिवळ्याला फेरस सल्फेटच्या ताज्या द्रावणानं धुऊन घेता येतं. पण ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफ थंड करून शुद्ध करणं, करणार असाल तर चाचणीशिवाय करू नका, आणि फ्लास्क कधीही कोरडा होऊ देऊ नका. तळाशी पाचवा हिस्सा राहू द्या. जे अपघात होतात ते बहुतेक शेवटच्या चमचाभर द्रवात होतात, कारण गूळ तिथं असतो.

किती दिवस? उघडली की सहा महिने, त्यातही तीन महिन्यांनी एकदा तपासायची. न उघडलेली वर्षभर. बाटलीत बीएचटी नावाचा पदार्थ थोडा घातलेला असतो, तोच जो तेलातुपात खवटपणा लांबवायला वापरतात. तो हळूहळू संपतो. ऊर्ध्वपातन केलेल्या ईथरात तर तो नसतोच, म्हणून शुद्ध केलेलं ईथर जास्त लवकर बिघडतं. माझी पद्धत सांगते. बाटली आली की चिकटपट्टीवर 'आली', उघडली की 'उघडली', दोन्ही तारखा पेन्सिलनं. मार्कर नको, ईथरचा एक ओघळ आला की मार्करची शाई पुसून जाते. एकदा माझ्याकडं सगळ्याच बाटल्या एका दिवसात बिनतारखेच्या झाल्या होत्या. आणि मुख्य म्हणजे अर्धा लिटरच मागवा. अडीच लिटर स्वस्त पडतं म्हणून घेणाऱ्या खरेदी समितीला ही पट्टी दाखवा.

आयसोप्रोपिल ईथर हा याचाच भाऊबंद कुठं मागे राहिलं असेल तर ते जास्तच जपून. ते आटायचीही वाट बघत नाही, नुसत्या साठवणुकीतही खडे धरतं. टेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावकही ईथरच्याच कुळातला, त्यातही पेरॉक्साइड धरतं.

प्रश्न : ईथर उन्हाळ्यात उडून जातं. स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये ठेवलं तर?

उत्तर : नको. घरगुती फ्रिजमध्ये थर्मोस्टॅट आणि दिव्याचं बटण ठिणगी टाकतात. आत वाफ साठलेली, दार बंद. दार उघडताना समोर तुम्ही. ठिणगी न पडणारे वेगळे फ्रिज मिळतात, ते नसतील तर फ्रिजबाहेर, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, सावलीत, हवेशीर जागी ठेवा. आणि एप्रिल-मेमध्ये ईथर ठेवूच नका, तेव्हा कुठं प्रॅक्टिकल असतात?

प्रश्न : माझी मुलगी कराडला फार्मसीला आहे. ईथरच्या प्रॅक्टिकलनंतर घरी आली की डोकं जड झालंय म्हणते, झोप येते. कॉलेजात मास्क लावून काम करते तरी. काळजीचं आहे का? — एक आई

उत्तर : ताई, झोप येणारच, ते भुलीचं औषध आहे. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं भर सभागृहात रुग्णाला ईथर हुंगवलं आणि शस्त्रक्रिया विनावेदना झाली. त्यानंतर शंभर वर्षं जगभर तेच चाललं. माझ्या आईचं मिरजेत ऑपरेशन झालं तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते, तिच्या पदराला तो वास दोन दिवस होता. मी प्रयोगशाळेत पहिल्यांदा ईथरची बाटली उघडली आणि एकदम आई आठवली.

एखाद्या दिवसाच्या वासानं कायमचं काही होत नाही. पण डोकं जड होतंय याचा अर्थ तिथं हवा खेळत नाही, आणि हे रोजचं होऊ देऊ नये. कापडी किंवा करोनाचा मास्क वाफेला अजिबात अडवत नाही, तो धुळीसाठी. वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात काम करायला हवं. फ्यूम कबर्ड असेलच कॉलेजात, फक्त त्यात जुनी जर्नल्स ठेवलेली नाहीत ना हे तिला बघायला सांगा. चक्कर आली तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत. ईथर हाताची कातडी कोरडी करतं, पातळ हातमोज्यातून ते लवकर आरपार येतं, ओले झाले की बदलायचे. डोळ्यांत उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या नळाखाली. चुकून पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, थेट दवाखाना. आणि केस बांधून जायला सांगा. हे मी प्रत्येक आईला सांगते.

एक दुरुस्ती : मागच्या अंकात मी लिहिलं होतं की ईथर पाण्यात विरघळत नाही. साताऱ्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी पोस्टकार्ड पाठवलंय. पोस्टकार्ड! त्यांचं बरोबर आहे. शंभर मिली पाण्यात सहा-सात ग्रॅम विरघळतं. म्हणून तर फनेलमधला पाण्याचा थरही ईथरसारखा वास मारतो, आणि तो सिंकमध्ये ओतला की वाफ पाइपात बसते. मी 'फारसं' हा शब्द खाल्ला. क्षमस्व, सर.

प्रश्न : दहिवडीला थंडीत ट्रॅक्टर सुरू होत नाही. मेकॅनिक एअर फिल्टरपाशी एक स्प्रे मारतो आणि लगेच सुरू होतो. डब्यावर ईथर लिहिलंय. हेच का ते? आम्ही मारला तर चालेल?

उत्तर : हेच ते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटतं. गारठ्यात तेवढी उष्णता होत नाही. ईथर त्याच्यापेक्षा खूप कमी तापमानाला आपोआप पेटतं, म्हणून पहिला दणका तेच देतं. मात्र तुमच्या ट्रॅक्टरला हीटर किंवा ग्लो प्लग असेल, म्हणजे किल्ली अर्धी फिरवून थांबायची पद्धत असेल, तर हा स्प्रे मारायचाच नाही. तापलेल्या तारेवर ईथर गेलं की ते योग्य वेळेची वाट बघत नाही, आधीच पेटतं. नसेल तर एकच छोटी फुसकी, ती पण एकजण स्टार्टर मारत असताना. डबा भरून मारला तर पिस्टन आणि हेड गॅस्केटला झटके बसतात, मग मेकॅनिकचा धंदा वाढतो. बिडी पेटवलेला माणूस लांब उभा करा. डबा केबिनमध्ये, डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. आणि रोजच स्प्रे लागत असेल तर आधी बॅटरी बघा, बहुतेक तीच उतरलेली असते.